निवृत्त भागीदाराची सही

मुळशीच्या डोंगरांतून निघालेल्या मुळेचे बरेचसे पाणी पुण्याकडे येतच नाही. ज्या धरणाविरुद्ध १९२१ साली मावळच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला आणि सेनापती बापट तुरुंगात गेले, त्या टाटांच्या धरणातून ते कोकणात भिरा येथील वीजगृहाकडे वळते. उरलेली नदी पुण्यात मुठेला मिळते. त्या संगमापाशी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब आहे. १८५४ पासूनची ही संस्था २०२२ मध्ये विद्यापीठ झाली.

क्लबचा रेगाटा हा सोहळा १९२८ पासूनचा. पाण्यावर पंट आणि कयाक यांच्या रचना साकारतात, मशाली फिरतात, आणि ही सारी जुळवाजुळव विद्यार्थीच करतात. मात्र पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. दरवर्षी सर्वांत जाणती तुकडी निघून जाते. वल्हे धरणाऱ्यांची आठवण चार पावसाळ्यांपलीकडे जात नाही. एखाद्या पेढीवरील सारे मुनीम दर चार वर्षांनी बदलले, तर जुनी खाती ओळखणार कोण?

अशा क्लबात ते काम माजी सदस्यांकडे येते. मुळशी धरण भरून पाणी सोडले की मुळा चढते आणि काठावर इशारा दिला जातो. इशारा सर्वांना सारखाच मिळतो. परंतु पाणी कोठवर आले म्हणजे बोटी वर ओढायच्या, पूर ओसरल्यावर गाळ कोठे साचतो, कोणती बोट दुरुस्तीजोगी आणि कोणती मोडीत काढण्याजोगी, हे तेथे पावसाळे काढलेल्यालाच उमगते. देणगीचे म्हणाल, तर नव्या बोटीसाठी ती लवकर मिळते, कारण बोटीवर नाव घालता येते. जीवरक्षक जाकिटावर दात्याचे नाव कोणी वाचत नाही, आणि नेमकी तीच आधी घ्यावयास हवीत.

अडचण पुढेच आहे. भागीदारी कायद्यानुसार निवृत्त झालेल्या भागीदाराची जबाबदारी, जाहीर नोटीस दिल्याखेरीज, तिऱ्हाइतांपुरती सुटत नाही. पण पेढीच्या कागदावर सही करण्याचा अधिकार मात्र त्याला उरत नाही. पुष्कळ माजी सदस्यांना यांतील पहिला भाग विसरायला होतो आणि दुसरा मान्यच नसतो. गादी मुलाच्या हाती देऊनही तिजोरीची किल्ली कमरेला ठेवणारे वडील आपल्या घरांतूनही दिसतात.

ऑक्सफर्डमध्ये १९८७ साली हा पेच उघडा पडला. डॅन टोपोल्स्की १९६७ आणि १९६८ मध्ये विद्यापीठाकडून वल्हवलेले, पुढे तेथेच प्रशिक्षक झालेले. केंब्रिजविरुद्धच्या शर्यतीपूर्वी काही नामांकित खेळाडूंनी त्यांच्या आणि क्लबच्या विद्यार्थी अध्यक्षाच्या विरोधात बंड केले. निर्णय टोपोल्स्कींनी दिला नाही. तो निरनिराळ्या महाविद्यालयांच्या विद्यार्थी कर्णधारांनी मतदानाने दिला, अध्यक्षाच्या बाजूने. बंडखोर बाहेर पडले, दुय्यम मानलेला संघ उतरला आणि ऑक्सफर्ड जिंकले. जिंकले नसते तरी निर्णय ज्यांचा होता त्यांनीच तो घेतला, एवढे खरे.

आपल्याकडे रेगाटाच्या संध्याकाळी पुढच्या रांगेत बसणारे माजी सदस्य पुष्कळ मिळतील. जुलैत मुळशीकडे संततधार लागली की परगावाहून फोन करून ‘बोटी वर घेतल्या का?’ एवढेच विचारणारा, आणि ‘घेतल्या’ हे उत्तर ऐकून फोन ठेवणारा, एखादाच.