फोटोच्या मागे नाव लिहा

माझ्या दादीचा एकच फोटो आमच्या घरात आहे. पासपोर्टच्या आकाराचा, काळा-पांढरा. हजला जायचे म्हणून नाइलाजाने काढलेला. स्टुडिओत ती इतकी अवघडून बसली होती की फोटोतली बाई आणि आम्हाला ओळखीची दादी या दोन वेगळ्या बायका वाटतात. भाकरी थापताना गालात हसणारी, नातवंडांना हाका मारणारी दादी कुठल्याच कागदावर नाही. ती गेली तेव्हा अब्बांनी तोच फोटो मोठा करून आणला. अम्मी म्हणाली, "ही त्यांच्यासारखी दिसतच नाही." फोटो परत कपाटात गेला.

आमच्याकडे फोटो कमी, याचे कारण गरिबी हे अर्धेच. उरलेले अर्धे कारण म्हणजे 'तसवीर हराम' हे लहानपणापासून ऐकलेले वाक्य. हदीसमध्ये जिवंत प्राण्यांची चित्रे काढणाऱ्यांबद्दल कठोर शब्द आहेत, हे खरे. पण कॅमेऱ्याने टिपलेली छबी त्या व्याख्येत बसते का, यावर उलेमांमध्ये शंभर वर्षांपासून मतभेद आहेत. इजिप्तचे मुफ्ती राहिलेले मुहम्मद बखीत अल-मुतीई यांचे म्हणणे असे होते की फोटो म्हणजे सावली धरून ठेवणे आहे. त्यात नवे काही घडवले जात नाही, आरशातल्या प्रतिमेसारखेच ते आहे. दुसऱ्या बाजूचे उलेमाही आहेत आणि ज्यांना त्यांचे पटते त्यांचा मी आदर करतो. माझा प्रश्न एवढाच की हजच्या कागदपत्रांसाठी फोटो चालतो, आधार कार्डासाठी चालतो, लग्नाच्या हॉलमध्ये तर व्हिडिओवाले चार-चार असतात, मग आईवडिलांचा एक नीट फोटो काढायची वेळ आली की आपल्याला फतवा का आठवतो?

आणि कॅमेरा ही काही आपल्याला परकी वस्तू नाही. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक भोक पाडले की बाहेरचे दृश्य समोरच्या भिंतीवर उलटे उमटते. कॅमेऱ्याच्या मुळाशी हेच तत्त्व आहे आणि हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैथम यांनी त्यावर प्रयोग करून लिहून ठेवले. मदिनेचे पहिले ज्ञात फोटो १८६१ मध्ये काढले ते मुहम्मद सादिक बे या इजिप्शियन लष्करी अधिकाऱ्याने. पुढे १८८०च्या सुमारास त्यानेच मक्केचेही काढले. त्यानंतर काही वर्षांनी अब्दुल गफ्फार नावाचा मक्केचाच एक डॉक्टर कॅमेरा शिकला आणि आपल्या शहराचे, हाजींचे फोटो काढू लागला. त्याचे फोटो १८८९ मध्ये युरोपात पुस्तकरूपाने आले, पण पुस्तकावर नाव होते डच विद्वान स्नूक हुर्ग्रोन्ये यांचे. अब्दुल गफ्फारचे नाव तिथे नव्हते. तो फक्त 'मक्केतला डॉक्टर' होता. त्याचे नाव त्याच्या कामाला जोडायला अभ्यासकांना पुढे कितीतरी वर्षे लागली.

ही गोष्ट वाचली तेव्हा मला आमच्या गावचे मास्तर आठवले.

काही वर्षांपूर्वी एका शहरात फोटोंचे प्रदर्शन पाहायला गेलो होतो. एका भिंतीवर मोठ्या चौकटीत पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर तिरके ऊन. मशिदीच्या पायरीवर बसलेले एक वृद्ध. खाली शीर्षक 'एकाकी'. मी चमकलो. हे तर आमचे मास्तर! मराठी शाळेत तीस वर्षे शिकवलेले, हिंदू-मुसलमान सगळ्या पोरांकडून पावकी-निमकी घोकून घेणारे. असरच्या नमाजनंतर ते रोज त्याच पायरीवर बसत आणि त्यांच्याबरोबर गावचे आणखी चार म्हातारे बसत. पिकापासून राजकारणापर्यंत सगळ्याचा निकाल तिथे लागे. ते चौघे चौकटीच्या बाहेर ठेवले की मास्तर एकाकी झाले. गावी गेल्यावर मास्तरांना विचारले. आपला फोटो कोणी, कधी काढला हे त्यांना माहीतच नव्हते.

फोटो तांत्रिकदृष्ट्या उत्तम होता, हे मान्य करतो. म्हणूनच तो जास्त लागला. आमच्या वस्त्यांमध्ये फिरणाऱ्या कॅमेऱ्यांना बहुतेक वेळा ठरलेल्या चारच गोष्टी हव्या असतात. बुरखा, टोपी, ईदची गळाभेट आणि कसाईगल्ली. आमच्यातला शिक्षक, एसटीचा कंडक्टर, आंब्याची कलमे बांधणारा माणूस यांना त्या यादीत जागा नसते. याचा राग येतो. पण आपले फोटो आपण काढलेच नाहीत, तर दुसऱ्याने काढलेला फोटोच आपली ओळख होऊन बसणार, हेही तितकेच खरे.

हा राग डोक्यात असतानाच माझी स्वतःची फजिती झाली.

हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव असतो. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, वाळूवर मासळीचे ढीग, बोली लावणाऱ्यांचा गलका. फोटोच्या नादी लागलेल्या माणसाला वेड लागावे अशी जागा. मी लांबूनच झूम करून एका कोळणीचे फोटो काढत सुटलो. तिने बघितले आणि सगळ्यांसमोर ओरडली, "फोटू काय काढतोस रे? म्हावरं घेणार असशील तर थांब, नायतर पुढं हो!" लोक हसले. मी चपापलो. मास्तरांच्या बाबतीत त्या फोटोग्राफरने केले, तेच मी इथे करत होतो. तिच्या कष्टात मला फक्त रंग दिसत होते.

पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. आधी सुरमई घेतली, मग बोललो, मग विचारले. तिने हात धुतले, पदर सारखा केला, लेकीला हाक मारून शेजारी उभे केले आणि मग म्हणाली, "आता काढ." माझ्याकडच्या प्रवासातल्या शेकडो फोटोंमध्ये तो सर्वांत चांगला आहे. त्याची एक प्रत मी तिला नेऊन दिली. तिचे नाव त्या फोटोच्या मागे आहे. इथे लिहीत नाही, कारण ते छापायची परवानगी मी घेतलेली नाही.

प्रवासात चांगले फोटो कसे काढायचे, असे मला तरुण मुले विचारतात. महागडा कॅमेरा लागेल का, हा पहिला प्रश्न. नाही लागत. मोबाइल पुरतो, फक्त काढण्याआधी त्याची काच रुमालाने पुसा, निम्मे धुरकट फोटो तिथेच सुधारतात. दुसरे, फजरला उठता ना? मग नमाजनंतर परत झोपू नका. सूर्य वर येतानाचा तास हा फोटोसाठी दिवसातला सर्वांत मऊ उजेड असतो आणि तेव्हा पर्यटकांची गर्दीही नसते. दुपारच्या उन्हात चेहऱ्यावर काळ्या सावल्या पडतात. तेव्हा माणसाला झाडाखाली किंवा दारात उभे करा. मशिदीत, मंदिरात, दर्ग्यात फ्लॅश बंद ठेवा, खांबाला टेकून हात स्थिर करा आणि कोणी इबादतीत असेल तर मोबाइल खिशात ठेवा.

तिसरी गोष्ट मी विजापुरात शिकलो. गोल घुमटाचा घुमट बाहेरून सुमारे ४४ मीटर व्यासाचा. पहिल्या खेपेला मी त्या इमारतीचे साठेक फोटो काढले. घरी येऊन पाहिले तर तिचा आकारच कळेना. दुसऱ्या खेपेला तिथे झाडणाऱ्या काकांना विचारले, ते भिंतीशी झाडू घेऊन उभे राहिले आणि एका फोटोत सगळा प्रचंडपणा उतरला. माणूस असला की वास्तूचे माप कळते. पण तो माणूस माप म्हणून वापरायचा नाही, एवढे भान हवे. त्यांच्याशी पंधरा मिनिटे बोललो, तेव्हा घुमटाखालच्या सज्जात कुजबुज ऐकायची तर सकाळी लवकर यावे, हे त्यांनीच सांगितले. कुठल्याही माहितीपुस्तकाआधी तिथल्या माणसाला विचारावे, हा धडा तिथला.

बायकांचे फोटो काढताना तर विचारणे दुप्पट गरजेचे. आपल्या घरातल्या मुलीचा फोटो कोणी चोरून काढला तर आपण भांडायला उठतो. दुसऱ्याच्या गावात गेल्यावर हे विसरून चालणार नाही. लहान मुलांचेही तेच, आईबापाला विचारा. नाही म्हणाले तर सलाम करून पुढे चला. न काढलेल्या फोटोने कोणाचे नुकसान होत नाही.

मास्तर आता नाहीत. जाण्याच्या आदल्या वर्षी मी त्यांचा फोटो काढला, त्याच पायरीवर, पाचही म्हातारे एकत्र. कोणीतरी काहीतरी चावट बोलले आणि सगळे हसले, तेव्हाच बटण दाबले. ऊन नीट नव्हते, एकाचा हात हललेला आहे. त्यांच्या घरी तो भिंतीवर लागला नाही, कारण घरच्यांना भिंतीवर तसवीर चालत नाही. त्यांनी तो अल्बममध्ये ठेवला. ठीकच आहे.

तेव्हा वाचकांना एक विनंती. पुढच्या सुट्टीत काश्मीर, केरळ, उमरा, जिथे जायचे तिथे जरूर जा, भरपूर फोटो काढा. पण निघण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा. त्यांची हरकत नसेल तर ते जे काम रोज करतात, ते करतानाचा एक फोटो काढा. छापून घ्या. आणि मागे पेनाने लिहा: नाव, गाव, तारीख. आमच्या दादीच्या फोटोमागे काहीच लिहिलेले नाही. तिचे माहेरचे नाव आज घरात कोणालाच सांगता येत नाही.