खडीच्या वाटांचे अर्थकारण

रविवारी पहाटे आरे वसाहतीच्या रस्त्यावर, किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीकडे चढत जाणाऱ्या मार्गावर, सायकलस्वारांची जी वर्दळ दिसते ती केवळ धनिकांची हौस म्हणून सोडून देता येणार नाही. बँकेतले कारकून, शिक्षक, विद्यार्थी असे सारेच तीत असतात. काहींजवळ रुंद टायरची, खाली वळलेल्या हँडलची, चढणीसाठी हलके गिअर असलेली सायकल असते. डांबर सोडून खडी-मुरमाच्या वाटांनी जाण्यासाठी घडविलेला हा प्रकार ‘ग्रॅव्हल बाइक’ म्हणून ओळखला जातो. प्रश्न एवढाच की, अंधेरी-मुलुंडच्या माणसाने ती घेऊन जावे कोठे?

नगराच्या कारभाऱ्यांना याचे एकच उत्तर सुचते, ते म्हणजे नवे काहीतरी बांधणे. पवई तलावाच्या काठी बांधावयास घेतलेला सायकलमार्ग मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरविला आणि जागा पूर्ववत करण्यास सांगितले. तलावाच्या काठावर भराव टाकून नागरिकांना निसर्गाच्या जवळ नेण्याची ही कल्पना मुळातच विपरीत होती. वस्तुतः सायकलस्वाराला हवी असलेली वाट बांधावी लागतच नाही. ती शतकानुशतके पडून आहे. फक्त राखावी लागते.

फ्रान्सचा दाखला येथे उपयोगी पडतो. त्या देशाच्या मध्यभागी ‘मासिफ सांत्राल’ हा डोंगराळ, कोरडवाहू शेतीचा आणि गुराढोरांचा प्रदेश आहे. तेथील ओव्हेर्न्यची माणसे पिढ्यान्‌पिढ्या पॅरिसला जाऊन कोळसा विकू लागली, पुढे त्यांनीच उपाहारगृहे थाटली आणि गावे ओस पडत गेली. सातारा, जुन्नर, आंबेगावची माणसे घाटकोपरच्या चाळींत आली, त्याहून ही कथा फारशी निराळी नाही. आज याच प्रदेशातून उत्तरेकडील मोर्व्हांपासून भूमध्य समुद्रापर्यंत सुमारे १,४०० किलोमीटरचा सायकलमार्ग जातो. त्याचा बराचसा भाग जुन्या गाडीवाटा, रानवाटा आणि शेतरस्ते यांचा आहे. शासनाने केले ते मुख्यतः खुणा लावण्याचे आणि नकाशे छापण्याचे काम. हे शक्य झाले याचे कारण तेथील कायद्यात आहे. ग्रामीण वाट ही गावसंस्थेच्या मालकीची, परंतु सर्वांच्या वहिवाटीसाठी खुली, असे तो कायदा मानतो.

फ्रेंचांना हे एका दिवसात सुचले असेही नाही. सेंत-एत्येनचे पॉल द व्हिव्ही या रेशीम व्यापाऱ्याने १८८७ मध्ये सायकलीला वाहिलेले नियतकालिक काढले आणि डोंगर चढण्यासाठी बदलत्या गिअरचा आयुष्यभर पुरस्कार केला. ‘तूर द फ्रान्स’ या विख्यात शर्यतीने मात्र साखळी सरकवून बदलणारा गिअर १९३७ पर्यंत निषिद्ध मानला होता! शर्यतीचे शास्त्र आणि प्रवासाचे शास्त्र यांत हा फरक पडतो.

आता आपल्याकडे पाहू. शहापूर, मुरबाड, जव्हार या तालुक्यांत पाणंदी, शिवरस्ते आणि गाडीवाटा यांचे जाळे आहे. गावनकाशावर त्यांपैकी कित्येक आखलेल्याही आहेत. वाट अडविली गेल्यास तहसीलदाराकडे दाद मागण्याची तरतूद १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमात आहे. बांधावरून वाट देण्याची तरतूद १९६६ च्या जमीन महसूल संहितेत आहे. शेतरस्त्यांची नोंद सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात करण्याचे धोरणही राज्य सरकारने २०२५ मध्ये जाहीर केले. कागदोपत्री आपण फ्रान्सच्या फार मागे नाही. प्रत्यक्षात मात्र भाऊबंदकीत बांध कोरले जातात, आणि मुंबईकर सुट्टीच्या घरासाठी जमीन घेतो तेव्हा पहिले काम तारेच्या कुंपणाचे करतो. त्या कुंपणात वाट गेली की आधी अडते ती शेतकऱ्याची बैलगाडी आणि शाळेला निघालेले पोर. सायकलस्वाराची अडचण फार पुढची.

म्हणूनच या विषयाकडे करमणूक म्हणून न पाहता अर्थकारण म्हणून पाहावे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातूनच जातो. त्यावर सायकलीला मज्जाव आहे, आणि मोटारीतून जाणाऱ्याचा रुपयाही वाटेवरच्या गावात पडत नाही. मोटारीचा पर्यटक रिसॉर्टच्या फाटकातून आत शिरतो आणि त्याच फाटकातून परततो. सायकलस्वाराचे तसे नसते. खडीवर दिवसाकाठी पन्नास-साठ किलोमीटर झाले तरी तो दमतो. त्याला वाटेत चहा लागतो, दुपारी तांदळाची भाकरी लागते, रात्री पडवी आणि आंघोळीला गरम पाणी लागते. ही गरज गावातले कुटुंब मोठ्या भांडवलावाचून भागवू शकते. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले; परंतु गावात उतरलेल्याने दुसऱ्या दिवशी कोणत्या वाटेने पुढच्या गावी जावे याचा विचार झाल्याशिवाय ते अपुरेच राहील.

यातून तालुक्याचे दारिद्र्य हटेल, असा भ्रम कोणी बाळगू नये. पावसाळ्याचे चार महिने या वाटांचा चिखल होतो; कोकणच्या पावसात मुरूम टिकत नाही. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच. ज्या तालुक्यातून तानसा-भातसाचे पाणी मुंबईच्या नळांना येते, तेथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते, हा प्रश्न सायकलींनी सुटणारा नाही. मात्र भाताची कापणी झाल्यानंतर हाताला काम नसते आणि वीटभट्टीसाठी स्थलांतर सुरू होते, नेमका तोच हा हंगाम होय.

राहता राहिला तेथवर पोहोचण्याचा प्रश्न. घाटकोपर-मुलुंडवरून जाणारी लोकल थेट कसाऱ्याला जाते. आसनगाव, आटगाव ही वाटेवरची स्थानके अशा भ्रमंतीचे प्रारंभबिंदू होऊ शकतील. परंतु सायकल घेऊन गर्दीच्या डब्यात शिरणे अशक्य, आणि मालडबा भाजीच्या गोणी व मासळीच्या पाट्यांसाठी. फ्रान्सने २०२१ मध्ये नव्या आणि नूतनीकरण झालेल्या गाड्यांत न सोडविलेल्या सायकलींसाठी जागा राखण्याचा नियम केला. मध्य रेल्वेने थंडीच्या चार महिन्यांत, रविवारी पहाटेच्या एखाद्या कसारा लोकलमध्ये आणि संध्याकाळच्या परतीच्या गाडीत अर्धा डबा सायकलींसाठी ठेवून पाहावा. त्याच चार महिन्यांत तहसील कचेरीने आसनगावच्या दोन्ही अंगांच्या पाणंदी मोजून, अडविलेल्या तेवढ्या मोकळ्या कराव्यात. या दोन्ही कामांना निविदा काढावी लागणार नाही.