राहायला जागा आहे, वागायला नाही

पुनर्वसनाच्या इमारतींचा विषय निघाला की सुशिक्षितांच्या बैठकीत एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘फुकट घरं दिली तरी या लोकांना राहता येत नाही.’ पुरावेही तयार असतात. जिन्यात पिचकाऱ्या, पॅसेजमध्ये वाळत घातलेले कपडे, डक्टमध्ये साचलेला कचरा, दारांपुढे चपलांचे ढीग, आणि मिळालेली खोली भाड्याने देऊन परत झोपडपट्टीत गेलेली कुटुंबं. बोलणाऱ्याला यात संस्कारांचा अभाव दिसतो. मला नकाशा दिसतो. पिचकारीची बाजू मी घेणार नाही (ती सरकारी कचेऱ्यांच्या जिन्यांतही असते). बाकीची यादी मात्र नियम लिहिणाऱ्याने, नकाशा काढणाऱ्याने आणि तो मंजूर करणाऱ्याने मिळून तयार केलेली आहे.

कपड्यांपासूनच सुरुवात करू. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात आज ३०० चौरस फुटांचं घर मिळतं. त्याआधी २६९ मिळायचं, त्याच्याही आधी २२५. घरात पाच-सहा माणसं, रोजचं धुणं. खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत, त्यामुळे ऊन नाही. गच्चीला कुलूप, किल्ली कुणाकडे ते कुणालाच माहीत नाही. थोडाफार वारा खेळतो तो पॅसेजच्या टोकाच्या जाळीतून, म्हणून दोरी तिथे बांधली जाते. यात संस्कार कुठे आले? डक्टचंही तसंच. खाली उतरून झाडायला दारच ठेवलेलं नाही अशा अरुंद पोकळीत वरच्या सगळ्या घरांच्या मोऱ्या आणि स्वयंपाकघरांच्या खिडक्या उघडतात. वरून काही पडलं की ते तिथेच कुजणार, हे इमारत उभी राहण्याआधी कागदावरच दिसत होतं. आणि खोली भाड्याने देऊन गेलेल्याला आपण लबाड म्हणतो, तेव्हा त्याचं पोट कशावर चालायचं हे विचारत नाही. ज्याची इडलीची हातगाडी दाराशी उभी असायची, ज्याचं भंगार दारात तोललं जायचं, त्याला सातव्या मजल्यावर घर मिळालं, पण त्याचा धंदा खालीच राहिला.

खिडकीसमोरच्या भिंतीची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण तिथे प्रश्न गैरसोयीचा राहत नाही, जिवाचा होतो. गोवंडी-मानखुर्द भागातल्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी या तीन पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबई इथल्या संशोधकांनी केला. २०१८ साली त्याचे निष्कर्ष पुढे आले. पहिल्या दोन वसाहतींत सात-आठ मजल्यांच्या इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरवर उभ्या आहेत. तिथे क्षयरोगाचं प्रमाण मोठं आढळलं, आणि खालच्या, अंधाऱ्या, कोंदट मजल्यांवर धोका जास्त दिसला. पीएमजी कॉलनीत इमारतींमधलं अंतर अधिक आहे. तिथे प्रमाण बरंच कमी होतं. माणसं त्याच थरातली, रोग तोच.

हे कळायला २०१८ साल उजाडायची गरज नव्हती. १८९६ च्या प्लेगने मुंबईला हा धडा दिला होता. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि पुढे त्याने उजेडाचा एक साधा नियम वापरात आणला : खिडकीवर साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनातून आकाश मोकळं असावं. भूमितीत मांडलं तर समोरची इमारत मधल्या मोकळ्या जागेच्या साधारण दुप्पट उंच असायला हरकत नाही, त्याहून उंच नको. या हिशेबाने तीन मीटरच्या गल्लीत सहा मीटरचं, म्हणजे दोन मजल्यांचं बांधकाम बसतं. परक्या राजवटीने प्लेगच्या भीतीने का होईना जे मान्य केलं होतं, ते स्वराज्यात गरिबांच्या नावाने सवलत म्हणून सोडून दिलं गेलं. सवलत कुणाला मिळाली, हे सांगायला नको.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार आहे. ‘शहरात जमीन नाही. एवढ्या माणसांना उंच आणि दाट बांधल्याशिवाय घर देताच येणार नाही. अंगणं-बिंगणं ही चैन आहे.’ पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. पण पुनर्वसनाच्या भूखंडावर नीट फिरून पाहा. तिथे दोन प्रकारच्या इमारती असतात. विक्रीच्या इमारतीला रस्त्याचं तोंड, बाग, पोडियम, पोहण्याचा तलाव, आणि वारा येईल अशी बाजू. मूळ रहिवाशांच्या इमारती उरलेल्या कोपऱ्यात खेटून. म्हणजे दाटी लोकसंख्येमुळे झालेली नाही. जमिनीचा मोठा तुकडा विकायला मोकळा करायचा म्हणून ती केलेली आहे. ती अर्थकारणाने केलेली निवड आहे. निवडीला निसर्गनियम म्हणू नये, एवढंच माझं मागणं.

आणि दाटी म्हणजे उंचीच, हेही खरं नाही. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबईत बेलापूरला १९८३ ते ८६ या काळात आर्टिस्ट्स व्हिलेज बांधलं : सुमारे सहा हेक्टरांत साडेपाचशे कुटुंबं, सगळी जमिनीवर. सात घरं एका छोट्या चौकाभोवती, असे तीन चौक एका मोठ्या चौकाशी जोडलेले, आणि ते पुढे वस्तीच्या मैदानाशी. दारातून बाहेर पडलेलं पोर आधी सात घरांच्या नजरेत असतं, मग एकवीस घरांच्या, मग सगळ्यांच्या. कुठल्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही, कारण प्रत्येकाला पुढे वाढता यावं. आज तिथे गेलात तर मूळची उतरत्या छपरांची बरीच घरं पाडून सिमेंटचे बंगले उभे राहिलेले दिसतात. काही वास्तुविशारद त्यावर हळहळतात. मला ती हळहळ समजत नाही. घर वाढणार हे गृहीत धरूनच आराखडा केला होता. ते वाढलं, म्हणजे आराखड्याने काम केलं. वरळीत बेलापूर उतरवता येणार नाही हे मलाही कळतं. पण सात दारांना एक सामाईक मोकळी जागा हा हिशेब विसाव्या मजल्यावरही करता येतो. आज तिथे काय असतं? दोन्ही बाजूंना दारं, दिवसाही दिवा लावावा लागणारा बोळ, आणि लिफ्ट.

आता तिसऱ्या मंडळींकडे वळतो. ही आमच्याच बाजूची समजली जातात, म्हणून त्यांना टाळून चालणार नाही. ‘काय ती चाळ, काय तो शेजार!’ असे सुस्कारे टाकणारे हे लोक. पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ सालची. त्या पुस्तकावर जीव टाकणारे बहुतेक वाचक आज स्वतंत्र संडास असलेल्या फ्लॅटमध्ये राहतात आणि तो सोडायला तयार नाहीत. बरोबरच आहे. मुंबईतल्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. गॅलरीच्या टोकाला सगळ्या मजल्याचे सामाईक संडास. नव्या सुनेने पहाटे पाणी घेऊन त्या रांगेत उभं राहायचं, नवराबायकोने चार माणसांच्या श्वासांत संसार करायचा, आणि कुठल्या मुलीकडे कोण आलं, किती वाजता गेलं याची नोंद अख्ख्या मजल्याने ठेवायची. त्या शेजाराला माणुसकी होती तशी पाळतही होती. पॅट्रिक गेडिस हे नगररचनाकार बीडीडी चाळी बांधल्या जात होत्या त्या काळात मुंबई विद्यापीठात नागरिकशास्त्र आणि समाजशास्त्र शिकवत होते. त्यांनी तेव्हाच या चाळींवर टीका केली होती. तेव्हा चाळ परत आणा असं म्हणणाऱ्याने आधी आपला फ्लॅट सोडून दाखवावा.

पण चाळीतून काय घ्यायचं, हा प्रश्न उरतोच. ५०० चौरस फुटांचं नवं घर मिळालेल्या बीडीडीच्या रहिवाशाला १६० चौरस फूट परत नको आहेत, आणि त्याला हवं तरी का असावं? त्याच्या खोलीचं खरं क्षेत्रफळ मात्र १६० कधीच नव्हतं. गॅलरी, जिन्याचा चौथरा, गच्ची आणि समोरचं पटांगण मिळून ते घर होतं. मूल गॅलरीत अभ्यास करायचं, आजी तिथेच तांदूळ निवडायची, मयत पटांगणात ठेवली जायची, लग्नाचा मांडवही तिथेच पडायचा. मालमत्तापत्रकावर आणि करारनाम्यावर यातलं काहीच येत नाही, म्हणून पुनर्विकासाच्या हिशेबात ते शून्य धरलं जातं. या शून्याची किंमत बघायची असेल तर गिरगावात जावं. १५ मार्च १९५९ रोजी सात बायकांनी उसन्या ८० रुपयांवर एका इमारतीच्या गच्चीत पापड लाटायला घेतले, त्यातून ‘लिज्जत’ उभी राहिली. गच्ची उघडी होती, उन्हात होती, तिथे जायला कुणाची परवानगी लागत नव्हती आणि बाईला घर सोडून लांब जावं लागत नव्हतं. आजच्या टॉवरची गच्ची पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली आणि मोबाइलचे मनोरे यांच्या मालकीची. तिथे पापडच काय, लोणच्याची बरणीही उन्हात ठेवता येत नाही.

एवढं वाचून एखादा उत्साही वास्तुविशारद म्हणेल, ‘मग काय, प्रत्येक मजल्यावर रुंद गॅलरी देऊ, शेजार आपोआप फुलेल.’ थांबा. हा प्रयोग अमेरिकेत सेंट लुइस शहरात होऊन गेला आहे. प्रुइट-आयगो ही ३३ इमारतींची, अकरा मजल्यांची सरकारी वसाहत १९५० च्या दशकाच्या मध्याला उभी राहिली. तिचे वास्तुविशारद मिनोरू यामासाकी यांनी लिफ्ट दर तिसऱ्या मजल्यावर थांबवली, तिथे लांबरुंद गॅलऱ्या दिल्या. शेजाऱ्यांनी भेटावं, मुलांनी खेळावं, ही इच्छा. काही वर्षांत त्याच गॅलऱ्यांतून जायला माणसं घाबरू लागली, आणि १९७२ पासून इमारती सुरुंग लावून पाडल्या गेल्या. आराखड्यावर खापर फुटलं. आधुनिक वास्तुकलेचा अंत तिथे झाला, असंही लिहिलं गेलं. पण देखभालीचा खर्च भाडेकरूंच्या भाड्यातून निघायचा होता, शहर ओस पडत होतं, घरं रिकामी होत होती, आणि लिफ्ट दुरुस्त करायला पैसा उरत नव्हता. चांगली गॅलरी शेजार निर्माण करत नाही. असलेल्या शेजाराला ती जागा देते, आणि तिची डागडुजी कोण करणार हे ठरलेलं असेल तोवरच देते. आपल्याकडे १६० चौरस फुटांतून चाळीस मजली मनोऱ्यात गेलेल्या कुटुंबांच्या लिफ्टचं, पंपाचं, आग विझवण्याच्या यंत्रणेचं बिल दहा वर्षांनी कोण भरणार? तेव्हा ज्याला भरता येणार नाही तो घर विकून जाईल, आणि आपण पुन्हा म्हणू, बघा, यांना राहता येत नाही.

मग करायचं काय? उलट्या टोकाने सुरुवात करायची : आधी माणसं काय करतात ते बघायचं, मग रेघ मारायची. गेडिस यांनी होळकरांच्या इंदूरसाठी १९१८ साली अहवाल लिहिला, तो गल्ल्या पायाखाली घालून. प्लेगने त्रासलेल्या त्या शहरात त्यांनी दिवाळीची मिरवणूक ठरवली आणि जाहीर केलं, की ज्या भागात घरं सर्वांत जास्त झाडलीपुसली, दुरुस्त केली जातील, त्या रस्त्याने मिरवणूक जाईल. शहर झाडलं गेलं. लोकांना राहता येत नाही म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट मुद्दाम वाचावी. वस्त्या सपाट करण्याऐवजी मोजकी पडकी घरं काढून तिथे मोकळी जागा करायची, बाकीची सुधारायची, हा त्यांचा आग्रह होता. त्याच इंदूरमध्ये पुण्यात जन्मलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी १९८० च्या दशकात अरण्य वसाहत आखली. गरिबांना जोतं, संडास-मोरी, पाणी आणि एखादी खोली द्यायची. पुढचं घर ज्याने त्याने कमाईप्रमाणे वाढवायचं. दारापुढचा ओटा आणि रस्त्याकडचा जिना त्यांनी आधीच धरून ठेवला होता, कारण लोक तिथे बसणारच.

माझ्या मते महाराष्ट्रातलं सर्वांत शहाणं उदाहरण मात्र पुण्यात येरवड्याला आहे, आणि त्याचा गाजावाजा फार झाला नाही. केंद्र सरकारच्या शहरी गरिबांसाठीच्या योजनेत तिथल्या वस्त्यांमधली कच्ची घरं जागच्या जागी पक्की झाली. वास्तुविशारद प्रसन्न देसाई, स्पार्क ही संस्था आणि महिला मिलन या वस्तीतल्या बायकांच्या संघटनेतल्या बायका यांनी घरोघर मापं घेतली. २७० चौरस फुटांचं घर, खर्चातला दहा टक्के वाटा कुटुंबाचा. जे आधीच पक्कं होतं त्याला हात लावला नाही, गल्ल्या जिथल्या तिथे ठेवल्या. शेजार मोडला नाही, धंदा मोडला नाही, संक्रमण शिबिरात वर्षानुवर्षं कुजणं आलं नाही. हे काम किचकट आहे. प्रत्येक घराचा वेगळा आकार, प्रत्येक भिंतीवरून भांडण, एका साच्याचा नकाशा चालत नाही. आणि विकायला मोकळी जमीन उरत नाही. दुसऱ्या कारणामुळेच ते फारसं पसरलं नाही, असा माझा आरोप आहे.

हे सगळं झोपडपट्टीपुरतं आहे असं समजून मध्यमवर्गीय वाचकाने पान उलटू नये. तुमचीही सोसायटी आज ना उद्या पुनर्विकासाला जाणार आहे. सभेत चर्चा होते ती किती चौरस फूट वाढीव, किती कॉर्पस, किती भाडं याची. पुढच्या सभेत चार प्रश्न अजून विचारा. माझ्या मजल्यावरच्या खिडकीपासून समोरची भिंत किती मीटरवर असेल? एका पॅसेजवर किती दारं, आणि त्या पॅसेजला दिवसा उजेड कुठून? गच्ची रहिवाशांसाठी उघडी राहील का? दहाव्या वर्षी महिन्याची देखभाल किती येईल? उत्तरं लेखी, नकाशावर दाखवून मिळेपर्यंत संमतिपत्रावर सही करू नका.