मुक्त सॉफ्टवेअरची खरी कसोटी

२९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ‘एक्सझेड’ या मुक्त सॉफ्टवेअरमधील चोरदरवाजा उघडकीस आणला. दूरच्या संगणकात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्याशा विसंगतीचा त्यांनी माग काढला होता. तो चोरदरवाजा पसरला असता, तर गुप्त किल्ली बाळगणाऱ्याला जगभरातील असंख्य लिनक्स सर्व्हरांचा ताबा मिळाला असता.

‘सोर्स कोड खुला, म्हणून सुरक्षित’ हे आपले आवडते विधान या घटनेने अपुरे ठरवले. घातक भाग चाचणीच्या फाइलींत दडवलेला होता आणि तो कार्यान्वित करणाऱ्या ओळी सार्वजनिक भांडारात नव्हत्याच. त्या केवळ वितरणाच्या गठ्ठ्यात होत्या. जे सर्वांना दिसत होते, तेच संगणकांवर पोचत नव्हते.

हा प्रश्न परका नाही. सी-डॅकची ‘बॉस’ ही प्रणाली डेबियनवर आधारित आहे. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये निवडलेली ‘माया’ उबुंटूवर, आणि उबुंटू पुन्हा डेबियनवर. दूषित एक्सझेड डेबियनच्या चाचणी शाखेपर्यंत पोचले होते. स्थिर आवृत्तीत शिरण्यापूर्वी ते पकडले गेले. नाव स्वदेशी ठेवल्याने उगम बदलत नाही.

म्हणून बंदिस्त प्रणालींकडे वळावे काय? मुळीच नाही. कोड हाताशी होता, म्हणूनच फ्रॉइंड मुळापर्यंत पोचू शकले. मात्र खुलेपणा ही पडताळणीची संधी आहे, पडताळणी नव्हे. भौतिकशास्त्रात निष्कर्ष टिकतो तो संशोधकाच्या प्रतिष्ठेवर नव्हे, तर दुसऱ्या प्रयोगशाळेतही तो मिळतो म्हणून. एकाच सोर्स कोडपासून कोणीही, कोठेही बांधणी केली तरी बिटागणिक तोच प्रोग्राम मिळावा, यासाठी डेबियन अनेक वर्षे झटत आहे. शासकीय प्रणालींनाही हीच कसोटी लावावी. पुण्यातील वा म्हैसुरातील विद्यार्थ्याला ती स्वतः तपासता आली पाहिजे.

दुसरी गोष्ट माणसांची. एक्सझेडची देखभाल लासे कॉलिन हे प्रामुख्याने एकटे, विनामोबदला करीत होते. ‘जिया टॅन’ नाव धारण करणाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ मदत करून त्यांचा विश्वास मिळवला. परवाना शुल्कातून वाचणाऱ्या पैशांतील काही वाटा अशा देखभालकर्त्यांपर्यंत पोचवणे हे दान नव्हे. तो राष्ट्रीय सुरक्षेवरील खर्च आहे.