पिकअप घाटात बघा, हायवेवर नको

जुनी सेडान घ्यायला निघालेल्या माणसापुढे मुंबई-ठाण्याच्या बाजारात होंडा सिटी आणि फोक्सवॅगन वेंटो हमखास येतात. मग तुलना सुरू होते ती हॉर्सपॉवरच्या आकड्यांनी. २०१४ च्या पेट्रोल सिटीची ताकद सुमारे ११९ पीएस, तर १.२ टीएसआय वेंटोची १०५. निकाल सिटीच्या बाजूने लागतो आणि हायवेवरची एक भरधाव चक्कर त्यावर शिक्का मारते. ज्याला ती गाडी किनाऱ्यावर, आगरदांड्याला आणून वापरायची आहे, त्याच्यासाठी ही परीक्षाच चुकीची आहे. सिटीची पूर्ण ताकद मिळते ६६०० आरपीएमला. काशीद, मुरूड, राजपुरी अशा वळणावळणाच्या रस्त्यावर, घरची चार माणसं आणि डिकीत सामान असताना, तिथवर इंजिन कोण नेणार? इथे लागतो तो कमी आरपीएमचा जोर. वेंटोचा १७५ न्यूटन-मीटर टॉर्क १५०० आरपीएमपासूनच हाताशी असतो. सिटीचा १४५ न्यूटन-मीटर टॉर्क मिळायला ४६०० आरपीएम गाठावे लागतात. चढावरच्या वळणातून बाहेर पडताना सिटीचा गिअर उतरवावा लागतो. वेंटो तशीच ओढून नेते, वजनाला जास्त असूनही. वेगात ती रस्त्याला घट्ट धरून चालते हेही खरं.

तरीही नुसतं एवढ्यावर वेंटो घ्या म्हणणं बरोबर नाही. या १.२ टीएसआय वेंटोला सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स आहे, त्यात दोन कोरडे क्लच आहेत. दिघीला गाड्या नेणाऱ्या जंगलजेटीच्या रांगेत इंचाइंचाने सरकताना हेच क्लच घसटतात आणि तापतात. त्यांची दुरुस्ती महाग, आणि ती करू शकणारा मेकॅनिक गावागावात मिळत नाही. मॅन्युअल सिटीचा क्लच मात्र कुठल्याही बऱ्या गॅरेजात बदलून मिळतो. म्हणून दोन्ही गाड्यांची खरी चाचणी सावकाश चालवूनच होते: पाच माणसं बसवा, चढावर थांबवा, ब्रेक सोडून हळूच पुढे घ्या. डीएसजीने हिसका दिला तर ती वेंटो तिथेच सोडून द्या.

कोणी म्हणेल, हँडलिंग कंपनीने घडवलेलं असतं, जुनी झाली म्हणून वेंटोची सिटी होते का? होत नाही, पण बुश सैल झाले आणि शॉकअप गळायला लागले की वेंटोचा तो घट्टपणा आधी जातो. टायरची आतली कड झिजलेली असेल किंवा खड्ड्यात खडखडाट येत असेल, तर ब्रोशरमधली स्तुती निरुपयोगी. किनाऱ्यावर राहिलेल्या गाडीची आणखी एक गोष्ट पाहावी लागते. खारी हवा आणि जेटीवरचं पाणी गाडीच्या पोटाशी काम करतं. गाडी रॅम्पवर चढवून खालचे बोल्ट आणि ब्रेकच्या नळ्या पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. चेंबर घासल्याच्या खुणाही तिथेच दिसतात. दोन्ही गाड्यांचा ग्राउंड क्लिअरन्स साधारण १६५ मिलिमीटरच्या घरात, भरलेल्या गाडीचा त्याहून कमी.

मग उंच एसयूव्हीच का नको, असा प्रश्न येईलच. ज्याला रोज कच्च्या रस्त्याने जायचं आहे त्याने ती जरूर घ्यावी. डांबरी वळणांवर मात्र बुटकी सेडान कमी झुकते आणि मागे बसलेल्यांना कमी मळमळतं. माझा कौल असा: डीएसजीची सर्व्हिस नोंद पूर्ण असेल आणि दुरुस्तीचा खर्च पेलणार असेल तर वेंटो, एरवी शॉकअप-बुश ठीक असलेली मॅन्युअल सिटी.