प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये गोचीड आणि जंतांचा कॉलम कुठे आहे?



दूध धंद्यावरच्या व्हिडिओनंतर एक प्रश्न हमखास येतो. "सर, दहा गाईंचा गोठा टाकला तर महिन्याला किती सुटतील?" सोबत प्रोजेक्ट रिपोर्ट जोडलेला असतो. त्यात गाईंची किंमत असते, शेड असतं, कडबाकुट्टी, मिल्किंग मशीन, मुरघास, सुग्रास, बँकेचा हप्ता, सगळं असतं. आणि खाली कुठेतरी 'औषधोपचार' म्हणून एक गोल आकडा टाकलेला असतो. तो कुठून आला, हे लिहिणाऱ्यालाही माहीत नसतं.

माझं मत स्पष्ट सांगतो. ज्या रिपोर्टमध्ये गोचीड आणि जंत यांच्यासाठी वेगळा कॉलम आणि वेगळं वेळापत्रक नाही, तो रिपोर्ट घेऊन कर्ज काढू नका. कठोर वाटेल, पण का ते बघा.

नुकसान दिसत नाही, म्हणूनच ते महाग पडतं

गाय मेली तर अख्ख्या गावाला कळतं. पण पोटात जंत असलेली गाय मरत नाही. ती खाते, रवंथ करते, दूधही देते. फक्त थोडं कमी देते.

समजा, दहा गाई आहेत आणि प्रत्येकीचं दूध रोज एक लिटरने कमी झालं. दर 30 रुपये धरा. रोजचे 300 रुपये गेले, महिन्याचे 9,000. तीनशे दिवसांच्या वेतात 90,000. डेअरीच्या स्लिपवर 'जंतांनी खाल्लेलं दूध' अशी ओळ येत नाही, त्यामुळे तुम्हाला वाटतं दरच परवडत नाही. दराचा प्रश्न खरा आहे, मी नाकारत नाही. पण दर तुमच्या हातात नाही, हे एक लिटर बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे.

दुसरा फटका माजाचा. अशक्त जनावर वेळेवर माजावर येत नाही. एक माज हुकला की 21 दिवस गेले, दोन हुकले की 42. त्या दिवसांचा चारा चुकत नाही, हप्ताही चुकत नाही. तिसरा फटका कालवडींचा. लहानपणी जंतांनी खंगलेली कालवड उशिरा वाढते, उशिरा गाभण जाते. म्हणजे उद्या फुकटात मिळणारी गाय तुम्हाला बाजारातून विकत आणावी लागते.

आजारी एक गाय नसते, अख्खा गोठा असतो

आपण काय करतो? एका गाईच्या कासेजवळ गोचीड दिसले की तिच्यावर औषध मारतो आणि काम झालं म्हणतो. पण गोचिडाचा हिशोब समजून घ्या. आपल्याकडे गुरांवर नेहमी दिसणारी एक जात साधारण तीन आठवडे जनावराच्या अंगावर राहून मोठी होते. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते आणि भिंतीच्या भेगेत, गव्हाणीच्या फटीत, दगडाखाली जाऊन दोन-तीन हजार अंडी घालते. तुम्ही फवारता गाईवर, पुढची पिढी वाढते भिंतीत. मग लोक म्हणतात, "औषधच डुप्लिकेट निघालं!"

म्हणून उपचाराचं युनिट गाय नाही, गोठा आहे. सगळी जनावरं एकाच दिवशी, सोबत भिंती, फटी, गव्हाण, आणि ठरलेल्या अंतराने पुन्हा. भेगा सिमेंटने बुजवा, चुना मारा. फ्लेम गन वापरत असाल तर आधी जनावरं आणि कडबा लांब न्या. गोठ्यात चार गावरान कोंबड्या सोडा, त्याही गोचीड टिपतात.

आणि गोठा म्हणजे फक्त तुमचा नाही, शेजारचाही. याचा मोठा दाखला अमेरिकेतला आहे. तिथे गुरांचा ताप गोचिडांमुळे पसरतो, हे 1893 मध्ये थिओबाल्ड स्मिथ आणि एफ. एल. किलबोर्न यांनी दाखवून दिलं. 1906 पासून सरकारने मोहीम घेतली, भागच्या भाग धरून सगळी जनावरं औषधाच्या हौदातून काढली. 1943 पर्यंत मेक्सिकोच्या हद्दीला लागून असलेला टेक्सासचा पट्टा सोडला, तर तो गोचीड देशातून संपला होता. एकट्या शेतकऱ्याने हे कधीच जमलं नसतं. तुम्हाला देश नाही सांभाळायचा हो! तुमच्या वस्तीवरचे पाच गोठे एका रविवारी एकत्र फवारा, एवढंच म्हणतोय.

संकरित गाय म्हणजे जास्त दूध आणि जास्त जबाबदारी

खिल्लार, देवणी, लाल कंधारी ही आपली जनावरं गोचिडांना आणि गोचीड तापाला बऱ्यापैकी तोंड देतात. एचएफ आणि जर्सी संकरित गाई तेवढं देऊ शकत नाहीत. थायलेरियाचा ताप संकरित गाईला आणि वासराला पटकन गाठतो. ताप 104 ते 106 अंश फॅरेनहाइटवर जातो, खांद्यापुढची गाठ सुजते, चारा तुटतो, दूध आटतं, मग रक्त कमी होऊन डोळ्यांच्या पापण्या आतून पांढुरक्या दिसतात. यावर चांगलं इंजेक्शन आहे, पण ते लवकर दिलं तरच. चौथ्या-पाचव्या दिवशी डॉक्टरांना बोलावून चमत्काराची अपेक्षा करू नका. या रोगाची लसही आपल्या देशात मिळते. ती कोणत्या वयात, कोणत्या जनावराला द्यायची, हे खरेदीआधीच डॉक्टरांना विचारून ठेवा.

दुसरा गोचीड ताप म्हणजे बबेसिया. यात लघवी लाल किंवा कॉफीसारखी होते. पण थांबा. नुकत्याच व्यालेल्या म्हशीला फॉस्फरस कमी पडला तरी लघवी लालच होते. आजार वेगळा, औषध वेगळं. म्हणून कानाच्या रक्ताची काचपट्टी तपासायला लावा. अंदाजाने मारलेलं इंजेक्शन कधी कधी तपासणीपेक्षा महाग पडतं.

कॅलेंडर बघून औषध की शेण बघून औषध?

इथे माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. "दर तीन महिन्यांनी जंताची गोळी" हा सल्ला सगळीकडे फिरतो. सोपा आहे, लक्षात राहतो. पण कोणता जंत आहे हेच माहीत नसताना कोणती गोळी देणार? गोल कृमी वेगळे, यकृतातले चपटे कृमी वेगळे. कालव्याच्या, डबक्याच्या कडेला चरणाऱ्या जनावरांना पाण्यातल्या गोगलगायींमुळे चपटे कृमी होतात. मग जनावर खंगतं, कधी जबड्याखाली मऊ सूज येते. तिथे आयव्हरमेक्टिन दिलं तर पैसे गेले आणि कृमी तसाच राहिला. अल्बेंडाझोल गाभणपणाच्या सुरुवातीला दिलं तर गर्भाला धोका. शिवाय तेच ते औषध, तेही कमी मात्रेत, वारंवार दिलं की परजीवी त्याला दाद देईनासे होतात. गोचिडांच्या काही फवारण्यांबाबत आपल्या देशात हे आधीच दिसलं आहे.

त्यामुळे आधी शेण तपासा. ताजं शेण स्वच्छ डबीत घ्या, गाईचा नंबर लिहा, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात पोहोचवा. दहापैकी तीन-चार जनावरांचे नमुने दिले तरी गोठ्याचा अंदाज येतो.

तुम्ही म्हणाल, "सर, लॅब लांब आहे, डॉक्टरांकडे पाच गावं आहेत." बरोबर आहे, ही अडचण खरी आहे. तपासणी अजिबात शक्य नसेल, तर निदान पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, डॉक्टरांनी ठरवून दिलेलं औषध अख्ख्या गोठ्याला एकाच वेळी द्या. आणि म्हशीच्या वासरांसाठी तर तपासणीची वाटच बघू नका. त्यांना मोठे गोल जंत आईच्या दुधातूनच येतात, त्यामुळे पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध हवं.

मात्रा डोळ्यांनी ठरवू नका. टेप घ्या. पुढच्या पायांमागे छातीचा घेर आणि खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही इंचात मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, म्हणजे अंदाजे वजन किलोत. घेर 70, लांबी 60 असेल तर साधारण 445 किलो. दहा रुपयांचा टेप, पण पूर्ण मात्रा जाते.

अजून एक, आणि इथे तडजोड नाही. औषध दिल्यावर किती दिवस दूध विकायचं नाही, हे लेबलवर लिहिलेलं असतं. ते पाळा. काही औषधं दुभत्या जनावराला द्यायचीच नसतात. तुमचं दूध कुणाच्या तरी लेकराच्या पेल्यात जाणार आहे. जमेल तिथे जंताचं औषध भाकड काळात बसवा.

मग कॉलममध्ये काय लिहायचं?

1. बाजारातून आणलेली गाय, मग ती घोडेगावची असो, बंगळूर बाजूची किंवा पंजाबची, पहिले 21 दिवस वेगळी बांधा. शेण आणि रक्त तपासा, गोचीड काढा, मगच कळपात घ्या.
2. शेण तपासणी वर्षातून किमान दोनदा.
3. गोठा आणि जनावरं एकाच दिवशी फवारणी. औषध लेबलप्रमाणेच पातळ करा, हातमोजे घाला, फवारलेलं अंग जनावर चाटणार नाही हे बघा.
4. थर्मामीटर आणि एक वही. प्रत्येक गाईची तारीख, औषध, मात्रा.
5. ही वही धार काढणाऱ्या माणसाच्या हातात द्या. बहुतेक घरांत ती घरातली बाई असते. गाईचा चारा कमी झाला, अंग गरम लागलं, हे सगळ्यात आधी तिला कळतं. डॉक्टरांना फोन करायचा अधिकारही तिलाच द्या. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा टोल फ्री नंबर आहे.

खर्च किती? तुमच्या तालुक्यातले दर विचारून आकडा काढा आणि तो लिटरवर आणा. समजा डेअरीला रोज सरासरी 100 लिटर दूध जातं, म्हणजे वर्षाला 36,500 लिटर. या कॉलमला वर्षाचे 18,250 रुपये ठेवले, तर लिटरमागे 50 पैसे पडले. वर आपण काढलेलं नुकसान महिन्याला 9,000 होतं. दोन महिन्यांच्या गळतीत वर्षाची व्यवस्था बसते.

ज्याला लिटरमागे हे पैसे काढणं जमणार नाही, त्याने दहाऐवजी पाच गाईंनी सुरुवात करावी. माझ्या मते निरोगी पाच गाई हप्ता फेडतात, गोचीड भरलेल्या दहा गाई हप्ता वाढवतात.

या आठवड्याचं काम: गाई घेतल्या असतील तर तीन जनावरांचं शेण दवाखान्यात द्या. घेतल्या नसतील तर दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना एवढंच विचारा, "आपल्या भागात कोणते जंत आणि कोणता गोचीड ताप जास्त आहे?" मिळालेलं उत्तर व्हिडिओखाली लिहा, तालुक्याच्या नावासह. तुमच्याच तालुक्यातल्या दुसऱ्या कुणाचा एक गोठा त्यामुळे वाचू शकतो.