गाडीवरचा 'दादा'

प्रकाशा-शहादा रस्त्यावर एमएच ३९ च्या गाड्या बघा. इंग्रजी ४१४१ वळवून 'दादा', २१४ चा 'राम'. पोरं 'दादा' पटकन वाचतात, पण नंबर विचारला की गप्प!

आरटीओत पैसे भरून आवडीचा नंबर घ्या, त्यात गैर काही नाही. आकड्यांची मोडतोड मात्र नको. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे प्लेटवर इंग्रजी अक्षरं आणि साधे आकडेच लागतात. एखादी गाडी धडक देऊन पळाली, तर तिसरीतल्या पोरालाही नंबर वाचता आला पाहिजे. प्लेट त्यासाठीच असते, मिरवायला नाही.

पालकहो, वर्गात आम्ही वाहतुकीचे नियम शिकवतो. दारातली गाडी उलटं शिकवत असेल, तर मुलं कोणाचं ऐकतील?